‘प्यार हुआ इकरार हुआ’ स्टेजवर सपाट का वाटतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की, ग्रुपमधले दोघंही सुरात गातात, पाठांतर पक्कं आहे, कराओके ट्रॅकही चांगला मिळालाय, तरी ‘श्री ४२०’ मधलं हे ड्युएट गायलं की टाळ्या पडतात पण गाणं काही चढत नाही, मग मूळ गाण्यात असं आहे तरी काय की ते १९५५ पासून आजपर्यंत टिकलं. मी जुन्या हिंदी गाण्यांच्या कार्यक्रमांचं संगीत संयोजन करतो, त्याआधी बरीच वर्षं कीबोर्डवर होतो, आणि हे गाणं वेगवेगळ्या जोड्यांबरोबर इतक्या वेळा बसवलंय की आता तालमीत पहिल्या दोन ओळींतच कळतं गाडी कुठे चाललीय ते. दहापैकी नऊ जोड्या हे गाणं लाडात गातात. हसत, एकमेकांकडे बघत, हात पुढे करत वगैरे. आणि हे गाणं लाडाचं नाहीच मुळी. ते दोन घाबरलेल्या माणसांचं गाणं आहे.

मुखडा नीट वाचा. प्रेम झालं, कबुलीही झाली, मग आता मन कशाला घाबरतंय, असं विचारलंय त्यात. म्हणजे प्रेमाची कबुली गाणं सुरू व्हायच्या आधीच होऊन गेलीय. बहुतेक प्रेमगीतं जिथे संपतात तिथून हे सुरू होतं. आणि प्रश्नाचं उत्तर? शेवटपर्यंत येत नाही. रस्ता अवघड आहे, मुक्काम कुठे ते ठाऊक नाही, एवढंच कळतं, आणि मुखडा परत परत येतो तेव्हा प्रश्न आहे तिथेच असतो.

सिनेमात हे कुठे येतं ते आठवा म्हणजे पटेल. राज (राज कपूर) अलाहाबादहून मुंबईला नशीब काढायला आलेला, खिशात दमडी नाही, लॉन्ड्रीत काम करतोय. विद्या (नर्गिस) गरीब वस्तीतली शिक्षिका. फूटपाथवरच्या चहावाल्याकडे चहा, वरून पाऊस, दोघांत एक छत्री. दोघांनाही माहीत आहे की संसार करायचा तर पैसा लागतो आणि तो यांच्याकडे नाही. आणि पुढे कथेत होतं तेच, राज माया आणि सेठ सोनाचंद या पैसेवाल्यांच्या नादी लागतो, या पावसात तिने मागितलेला शब्द पाळत नाही. ख्वाजा अहमद अब्बास आणि आपले वसंत साठे (व्ही. पी. साठे) यांनी लिहिलेल्या या कथेत गाणं मध्येच ठिगळासारखं लावलेलं नाही, पुढच्या सगळ्या भानगडीचं बी त्यात पेरलंय. म्हणून मी म्हणतो की नुसतं गोड गायलं तर अर्धं गाणं हातातून गेलं.

आता शैलेंद्रनी शब्द कसे बांधलेत ते बघा, कारण गायकांसाठी खरा खजिना तिथे आहे. शैलेंद्र रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये काम करणारा माणूस, इप्टा या डाव्या विचारांच्या नाट्यसंस्थेच्या कार्यक्रमांत कविता म्हणायचा, राज कपूरनी गाणी मागितली तेव्हा आधी नाही म्हणाला आणि नंतर पैशाची नड आली म्हणून ‘बरसात’साठी लिहिलं, हा किस्सा तुम्हाला ठाऊक असेलच. त्याचा मोठेपणा असा की अवघड शब्द वापरत नाही पण रचना मात्र एकदम पक्की असते. मुखड्यात दिल, मुश्किल, मंज़िल असे यमक जवळजवळ ठेवलेत, पहिले दोन तुकडे छोटे आणि मग एक लांब ओळ. छोट्या तुकड्यांत माणूस चाचरत बोलतोय असं वाटतं आणि लांब ओळीत एकदाचं सांगून टाकतोय असं. तुमचे गायक काय करतात, तर छोटे तुकडे पण ओढून एकमेकांना चिकटवून टाकतात, श्वास लांब आहे हे दाखवायला. तिथेच चाचरणं गेलं.

अंतऱ्यात तर अजून गंमत आहे. पहिल्या अंतऱ्यात ती म्हणते ‘कहो कि’, म्हणजे सांग, वचन दे. तो लगेच वचन देत नाही, तो म्हणतो ‘तुम भी कहो’, तू पण सांग. चाल तीच, शब्दांची ठेवणही तीच, पण दोघंही समोरच्याकडून हमी मागतायत, स्वतःहून द्यायला कुणीच तयार नाही! हे ज्याला कळलं त्याला ती ओळ कशी टाकायची ते शिकवावं लागत नाही. मग येते तिसरी ओळ, ‘प्यार जो टूटा’, ‘साथ जो छूटा’, असे दोन छोटे तुकडे आणि नंतर चंद्र पुन्हा चमकणार नाही असं सांगणारी लांब ओळ. आता दुसऱ्या अंतऱ्यात चालीच्या नेमक्या त्याच जागी काय आलंय बघा. ‘मैं न रहूंगी’, ‘तुम न रहोगे’, आणि मग लांब ओळीत, तरी खुणा राहतील. पहिल्या वेळी त्या जागेवर भीती बसवली होती, दुसऱ्या वेळी त्याच सुरांवर धीर बसवला. ऐकणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही, त्याचा कान मघाचे स्वर ओळखतो आणि शब्द बदललेले ऐकून आतून हलतो. माझ्या मते या गाण्याचं आयुष्य याच जागेने वाढवलंय, बाकी सगळं नंतर.

याच दुसऱ्या अंतऱ्याच्या सुरुवातीला ‘दसों दिशाओं’ आहे. त्यावरून झालेला वाद संगीतवाल्या लोकांत अजून सांगितला जातो. शंकर-जयकिशन या संगीतकार जोडीतले जयकिशन म्हणाले की साधा प्रेक्षक चार दिशा म्हणतो, दहा कुठून आणल्या, बदला हे. शैलेंद्र अडून बसले, प्रेक्षकाला कमी समजू नका, शब्द बदलणार नाही. आणि शब्द राहिला. मला तरी शैलेंद्रचं बरोबर वाटतं, कारण तिथे ओळ मोठी व्हायला हवीच होती, दोन माणसांच्या एका छत्रीखालच्या कुजबुजीवरून गाणं एकदम आभाळाएवढं होतं तिथे. गाताना ती ओळ उघड्या आवाजात घ्या. अख्ख्या गाण्यात आवाज पूर्ण सोडायची परवानगी मी तिथेच देतो.

आता आवाज. हा भाग तुमच्या कामाचा आहे म्हणून जरा खोलात जातो. राज कपूर म्हणजे मुकेश, असं आपण धरून चालतो, आणि ‘श्री ४२०’ मध्ये मुकेश आहेतच, ‘मेरा जूता है जापानी’ त्यांचंच, शिवाय लताबाईंबरोबर ‘इचक दाना’ पण आहे. म्हणजे लता-मुकेश जोडी याच सिनेमात हजर असताना हे ड्युएट मन्ना डे यांच्याकडे गेलं. ‘दिल का हाल सुने दिलवाला’ आणि आशाबाईंबरोबरचं ‘मुड़ मुड़ के ना देख’ हीसुद्धा मन्नादांची. ‘आवारा’च्या स्वप्नदृश्यातही ते होतेच. नेमकं का दिलं यावर लोक हजार गोष्टी सांगतात, त्यात मी पडत नाही, पण ऐकून जे कळतं ते सांगतो.

ड्युएटची पहिली अडचण असते पट्टी, म्हणजे पेटीवरच्या कुठल्या स्वराला ‘सा’ धरून गायचं ते. साधारण पुरुषाला काळी एक-काळी दोन सोयीची, बाईला काळी चार-काळी पाच. दोघांना वेगवेगळी चाल दिली असेल तर मार्ग निघतो, पण इथे अंतऱ्यात तीच चाल आधी ती गाते मग तो गातो. पट्टी लताबाईंच्या सोयीने ठेवली की पुरुषाला एक तर फार वर जावं लागतं नाही तर फार खाली. वर गेला तर आवाज ताणला जातो, ओरडल्यासारखा होतो, खाली गेला तर पुटपुटल्यासारखा. मन्नादांची तालीम शास्त्रीय, काका कृष्णचंद्र डे यांच्यापासून सुरू झालेली, गळा वर जाऊनही मऊ राहणारा. त्यामुळे दोन आवाज एकाच उंचीवर उभे राहिलेत. कुणी कुणाच्या मागे नाही. मुकेशच्या आवाजात एक सुंदर उदासी आहे, पण ती एकट्याची उदासी आहे, तिथे बाई बाजूला उभी राहून ऐकते असं वाटतं. इथे दोघांना समोरासमोर बोलायचं होतं. आणि मन्नादांनी इथे हरकती-मुरक्या किती कमी घेतल्यात ते बघा, ज्याला सगळं येतं त्याने काहीच न दाखवणं हे सगळ्यात कठीण. आपल्याकडे स्टेजवर मन्ना डे गायचे म्हटलं की मंडळी लगेच ताना टाकायला लागतात. नको, हात जोडतो, या गाण्यात नको.

पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, ‘चोरी चोरी’ आला आणि त्यात राज-नर्गिससाठी लता-मन्ना डे ही जोडी ‘ये रात भीगी भीगी’ आणि ‘आजा सनम’ मध्ये परत आली. ती दोन गाणी रोमँटिक म्हणून कदाचित जास्त गोड असतील. पण ‘प्यार हुआ’ मधला तो किंतु त्यांत नाही.

रेकॉर्डिंगची पद्धत पण समजून घ्या, नाहीतर आजच्या मापाने मोजाल. आज आम्ही काय करतो, गायिका सकाळी येऊन तिच्या ओळी गाऊन जाते, गायक दुसऱ्या दिवशी, कधी कधी दुसऱ्याच शहरातून फाईल पाठवतो, दोघांची भेटही होत नाही आणि मी कॉम्प्युटरवर त्यांचं प्रेम जुळवतो. तेव्हा मोनो रेकॉर्डिंग होतं, गायक आणि वादक एकाच वेळी, एकाच टेकमध्ये. व्हायोलिनच्या शेवटच्या रांगेत कुणी चुकला तरी सगळ्यांनी परत पहिल्यापासून. त्याचा त्रास व्हायचा यात शंका नाही, पण फायदा असा की दुसऱ्याची ओळ संपताना त्याने आवाज किती उतरवला हे ऐकूनच पुढच्याने उचलायचं असायचं. त्या गाण्यात जो संवाद ऐकू येतो तो खराखुरा घडलेला संवाद आहे. त्यात ७८ आरपीएमच्या तव्याची (जुन्या रेकॉर्डची) एक बाजू सव्वातीन-साडेतीन मिनिटांत संपायची, त्यामुळे फापटपसाऱ्याला जागाच नव्हती.

संयोजनाबद्दल बोलायला लागलो तर थांबणार नाही म्हणून आवरतं घेतो. शंकर-जयकिशन यांच्याकडे त्या काळात सेबॅस्टियन डिसूझा अरेंजर आणि ठेक्याची बाजू दत्ताराम बघायचे, दोघंही गोव्याकडचे. सेबॅस्टियन यांची खासियत म्हणजे गायक गात असताना मागून व्हायोलिनची वेगळी सुरावट चालू ठेवायची, आणि तरी ती गायकाच्या पायात येऊ द्यायची नाही. आम्ही लोक त्याला ऑब्लिगेटो म्हणतो. गायक थांबला की ती पुढे येते, तो सुरू झाला की मागे सरकते. हे गाणं हेडफोन लावून ऐका आणि एकदा फक्त व्हायोलिनवर लक्ष ठेवा, गायकांकडे बघूच नका. दोन ओळींमधल्या जागा वाद्यांनी भरलेल्या आहेत, पण खच्चून भरलेल्या नाहीत. कराओके ट्रॅकमध्ये हेच मरतं. स्वस्तातल्या ट्रॅकमध्ये कीबोर्डवरचं एकच स्ट्रिंग्जचं टोन अख्ख्या गाण्यावर पसरलेलं असतं, मग गायकाला वाटतं मागे भिंत आहे, आणि भिंतीशी माणूस बोलणार काय.

चित्रीकरणाचं श्रेय गाण्याला द्यावं की नाही यावर आमच्यात नेहमी वाद होतो. मी म्हणतो द्यावंच लागतं, कारण लोक हे गाणं ‘बघून’ लक्षात ठेवतात. छायाचित्रण राधू कर्मकार, कला दिग्दर्शन एम. आर. आचरेकर, संकलन जी. जी. मायेकर. कर्मकार आणि मायेकर दोघांनाही या सिनेमासाठी फिल्मफेअर मिळालं. पाऊस खोटा. कॅमेऱ्याला पाऊस तेव्हाच दिसतो जेव्हा उजेड त्याच्या मागून येतो, समोरून दिवे टाकले तर धारा गायब होतात, नुसती ओली माणसं दिसतात. त्यामुळे काळ्या पार्श्वभूमीवर चमकणाऱ्या त्या धारा म्हणजे हिशेबाने लावलेले दिवे आहेत. आणि छत्री! एक छत्री म्हणजे दोन चेहरे एकाच फ्रेममध्ये राहणारच, शिवाय छत्री कुणाच्या हातात, कुणाच्या बाजूला झुकली, कोण भिजतंय, यावरून कोण किती जवळ आलंय ते संवादाशिवाय कळतं. गाण्यात जी ‘तू सांग, नाही तू सांग’ अशी ओढाताण आहे तीच छत्रीत आहे.

आणि ती तीन मुलं. ‘मैं न रहूंगी’ च्या ओळीला रेनकोट घातलेली तीन लहान मुलं पावसातून चालत जातात, ती राज कपूरचीच, रणधीर, रितू आणि ऋषी. ऋषी तेव्हा जेमतेम दोन-अडीच वर्षांचा, पाण्याच्या धारा डोळ्यांत जायच्या म्हणून रडायचा आणि नर्गिसनी चॉकलेटचं आमिष दाखवून त्याला चालवलं, हे त्याने स्वतःच मोठेपणी सांगितलं. खुणा राहतील या शब्दांवर स्वतःची मुलं दाखवणं हे जरा जास्तच झालं, असं मला तरुणपणी वाटायचं, शब्दाला चित्र चिकटवल्यासारखं. आता तसं वाटत नाही, कारण तो शॉट क्षणभराचा आहे, मुलं प्रेक्षकाकडे बघत नाहीत, कुणी बोट दाखवत नाही, आणि लगेच आपण परत छत्रीकडे येतो. मायेकरांनी तो थोडा जरी लांबवला असता तरी फसला असता.

वारशाचं म्हणाल तर त्याचं मला मिश्र वाटतं. सिनेमा सोव्हिएत युनियनमध्ये गेला, तिथे राज-नर्गिस घराघरांत पोचले. आपल्याकडे एक छत्री आणि दोन माणसं म्हटलं की प्रेम, हे समीकरण इतकं घट्ट बसलं की जाहिराती, लग्नाआधीचे फोटो, शाळेच्या गॅदरिंगमधली नक्कल, सगळीकडे तीच छत्री. पण नक्कल झाली ती छत्रीची, भीतीची नाही. पुढच्या बहुतेक पाऊसगाण्यांत पाऊस म्हणजे भिजलेली साडी एवढंच उरलं. वेगळ्या वाटेने गेलेलं मला आवडतं ते १९७९ च्या ‘मंज़िल’मधलं लताबाईंचं ‘रिमझिम गिरे सावन’, मुंबईच्या खऱ्या रस्त्यांवर खऱ्या पावसात घेतलेलं, त्यात छत्रीची कसरत नाही आणि ओठ हलवणंही नाही. ते पूर्ण निर्धास्त गाणं आहे आणि हे पूर्ण धास्तीचं, दोन्ही लागोपाठ ऐकून बघा.

आता तुमच्या तालमीसाठी. आधी पट्टी ठरवा, आणि ती पुरुष गायकाला ‘तुम भी कहो’ ची ओळ न ओरडता घेता येते का हे तपासून ठरवा, मुखड्यावरून ठरवू नका, मुखडा सगळ्यांनाच जमतो. ट्रॅक ॲपमध्ये एक-दोन स्वर वर-खाली सरकवला तर चालतं, त्याहून जास्त सरकवलात तर वाद्यं खोटी वाजायला लागतात. बाईंना थोडं खाली उतरावं लागलं तरी चालेल, या गाण्यात खालचा, बोलका आवाज शोभतो. एक तालीम सुरांशिवाय करा, नुसते शब्द बोला, एकमेकांना विचारल्यासारखे, आणि समोरच्याचं वाक्य पूर्ण होईपर्यंत आपलं वाक्य तोंडात आणू नका. मोबाईलवर शब्द बघून गायचं बंद, त्याने दोघांचीही मान खाली राहते आणि ऐकणं संपतं. माईकवर रिव्हर्ब (आवाज घुमवणारा इफेक्ट) कमी ठेवायला साऊंडवाल्याला सांगा, तो ऐकणार नाही, परत सांगा, कारण एवढे छोटे तुकडे रिव्हर्बमध्ये एकात एक मिसळून जातात. मुखडा शेवटी परत येतो तेव्हा दमदार शेवट करायचा मोह होतो, लय वाढवली जाते, वादकही खुशीत येतात. लय आहे तीच ठेवा, आणि ‘डरता है दिल’ हे पहिल्या वेळेपेक्षा किंचित हळू म्हणा. छत्री स्टेजवर आणायची की नाही असंही तुम्ही विचारलं होतं. आणू नका, एका हातात माईक आणि एका हातात छत्री घेऊन आजवर कुणी नीट गायलेलं मी तरी पाहिलं नाही.